बारा नंबरच्या डॉक्टरांची फाइल

साडेतीनच्या आत फाइल अमेरिकेला पाठवायची होती. दोन वाजून गेले होते आणि तिच्यात सात ठिकाणी नुसत्या रेघा होत्या.

ही गोष्ट साधारण दोन हजार सालच्या आसपासची. कर्वे रोडवर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचं ऑफिस होतं. हे काम तेव्हा पुण्यात नवीन होतं, म्हणून आधी ते सांगते. अमेरिकेतला डॉक्टर पेशंटला तपासतो किंवा ऑपरेशन करतो आणि काय काय केलं ते टेपवर बोलून ठेवतो. तो आवाज इंटरनेटवरून आमच्याकडे यायचा. इथली मुलंमुली हेडफोन लावून तो ऐकायची आणि जसाच्या तसा टाइप करायची. तिथे रात्र असताना इथे दिवस. तिथले लोक सकाळी कामावर येण्याच्या आत रिपोर्ट तयार.

एखादा शब्द कळला नाही, तर तिथे एक रेघ मारायची. तिला 'ब्लँक' म्हणत. एखाद-दुसरा ब्लँक चालायचा. सात ब्लँक म्हणजे फाइल परत आणि पुढच्या फाइल्स दुसऱ्या कंपनीला. त्यातून या फाइलचे डॉक्टर आमच्याकडे नुकतेच ट्रायलवर आले होते. आम्हाला त्यांचं नाव कळत नसे, फक्त नंबर. हे बारा नंबर.

मी त्या ऑफिसात टायपिंग करत नव्हते. मी फ्रंट डेस्कवर होते. आलेल्या फाइल्स कोणाला द्यायच्या ते लिहायचं, वेळ टिपायची, फोन घ्यायचे. त्याआधी अकरा वर्षं मी नगर रोडवरच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. मग कारखान्याने नवीन एक्स्चेंज घेतलं. त्यातली रेकॉर्ड केलेली बाई चोवीस तास न थकता बोलायची आणि रजा मागायची नाही. आम्हा दोघी ऑपरेटरांपैकी एकीला घरी जावं लागणार होतं. मी ज्युनियर होते. मिळालेले पैसे धायरीतल्या दोन खोल्यांत गेले आणि मी निम्म्याहून कमी पगारावर या ऑफिसात लागले. काँप्युटरच्या क्षेत्रात शिरायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

शिरल्यावर कळलं की खरं काम ट्रान्स्क्रिप्शनिस्टचं. त्यांना ओळींवर पैसे मिळायचे आणि हात बसला की पगार माझ्या दुप्पट-तिप्पट. पण त्यासाठी सहा महिन्यांचं ट्रेनिंग हवं. आमच्याच कंपनीचा क्लास वरच्या मजल्यावर चालायचा. शरीरशास्त्र, औषधांची नावं, इंग्रजी व्याकरण आणि अमेरिकन उच्चार. फी पंचवीस हजार. माझा पगार अडीच हजार.

बँकेत गेले, तर तिथल्या साहेबांनी कोर्सचं नाव दोनदा विचारलं आणि मग तारण विचारलं. भिशीत माझा नंबर पुढच्या उन्हाळ्यात होता. माझे मिस्टर, प्रकाश, म्हणाले, "मोटरसायकल विकू." ते त्याच मोटरसायकलवरून भोसरीला कामाला जायचे. मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही कामावर कसे जाणार? मी शिकेपर्यंत तुम्ही घरी बसणार का?" विषय तिथेच संपला. बुधवार पेठेतून मी एक जुनी मेडिकल डिक्शनरी आणली आणि धायरीच्या बसमध्ये रोज दहा शब्द पाठ करायला लागले. तीन महिन्यांत 'सी' संपवून 'डी'त आले होते. नवीन बॅचची फी भरायची शेवटची तारीख त्या शनिवारी होती. मी सांगते आहे तो दिवस शुक्रवारचा.

बारा नंबरची फाइल रोहिणीकडे होती. बावीस वर्षांची मुलगी, आमच्याकडची सर्वांत हुशार. तीही रडकुंडीला आली होती. तिच्या मागे केळकर मॅडम उभ्या होत्या. त्या होमिओपॅथीच्या डॉक्टर, आमच्याकडे क्यूए होत्या, म्हणजे फाइल पाठवण्यापूर्वी शेवटची तपासणी त्यांची. आणि त्यांच्या मागे सेंटर मॅनेजर मोघे सर, घड्याळाकडे बघत.

"अमेरिकन ॲक्सेंटचा सहा महिने क्लास घेतला ना तुमचा?" मोघे सर म्हणाले. "मग अमेरिकन माणूस कळत कसा नाही?"

"सर, हा वेगळाच बोलतो," रोहिणी म्हणाली.

"लावा स्पीकरवर. सगळेच ऐकू."

तिने हेडफोन काढून स्पीकर लावला. मी माझ्या टेबलाशी वही लिहीत होते. आतापर्यंत एकही डिक्टेशन मी ऐकलं नव्हतं. फ्रंट डेस्कला हेडफोन नसतो. खरखर झाली, मग एक जाड, घाईतला आवाज आला आणि माझं पेन थांबलं. हा आवाज मी ओळखत होते. माणूस नव्हे, आवाजाची जात.

"सर, हे कलकत्त्याचे आहेत," मी म्हणाले.

मोघे सर वळले. "बाई, ही फाइल ओहायोहून आली आहे."

"फाइल तिकडची असेल. माणूस कलकत्त्याचा आहे."

कारखान्याचं एक ऑफिस कलकत्त्याला होतं. अकरा वर्षं रोज सकाळी मी तिथल्या मुखर्जीबाबूंना लाइन जोडून द्यायचे. ट्रंक कॉलवर निम्मं बोलणं वाऱ्यात जायचं. त्या खरखरीतून ते ऑर्डरचे आकडे सांगायचे आणि मी ते लिहून घ्यायचे. झीरोला ते 'जीरो' म्हणायचे. व्हॅनला 'भॅन'. सुरुवातीला मीही चुकले होते. नंतर ते बोलायच्या आधी मला कळायला लागलं होतं.

"मला एकदा ऐकू द्या," मी म्हणाले.

मोघे सरांनी घड्याळ पाहिलं. "बसा. आता यापेक्षा वाईट काय होणार!"

रोहिणी उठली. मी तिच्या खुर्चीत बसले. तिने मला पायाखालचा पेडल दाखवला. पुढे दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद, टाचेने दाबलं की थोडा मागे. मी हेडफोन घातला. अकरा वर्षं डोक्यावर असलेलं ते वजन पुन्हा डोक्यावर आलं.

पहिला ब्लँक. मी दोनदा ऐकलं. "व्हॉमिटेड ट्वाइस. पेशंटला दोनदा उलटी झाली."

रोहिणीने कपाळावर हात मारला. तिला ते 'प्रमोटेड ट्वाइस' ऐकू आलं होतं. पेशंटला ऑपरेशनपूर्वी दोनदा बढती कशी मिळेल, म्हणून तिने रेघ मारली होती.

दुसरा ब्लँक व्हेसल्सचा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निघाला. डॉक्टर 'भेसल्स' म्हणत होते. तिसऱ्याला तर मला काही करावंच लागलं नाही. एकदा 'व'चा 'भ' कळल्यावर रोहिणीच ओरडली, "व्हॉल्यूम! ताई, व्हॉल्यूम!" चौथा गेला, पाचवा गेला. आजूबाजूची मुलं आपापले पेडल सोडून आमच्याभोवती जमली. मोघे सर एरवी कोणाला खुर्चीतून उठू देत नसत, पण त्या दिवशी तेही वाकून बघत होते.

सहाव्याला मी अडले. ऑपरेशनचा छेद कुठून कुठपर्यंत घेतला, ते वाक्य होतं. शेवट बेंबीपाशी होता, तो कळत होता. सुरुवातीचा शब्द मला स्वच्छ ऐकू येत होता, पण मी तो जन्मात ऐकलेला नव्हता.

"जायफॉइड," मी म्हणाले.

"जायफळ?" मोघे सर म्हणाले. "बासुंदीत घालतात ते?"

"फळ नाही सर, फॉइड. जाय-फॉइड."

रोहिणीने डिक्शनरीत 'जे' काढलं. असा शब्द नव्हता. केळकर मॅडम म्हणाल्या, "टायफॉइड असेल." मी पुन्हा ऐकलं. "नाही. पहिलं अक्षर 'ज'च आहे." आणि मग एकदम लक्षात आलं. "मॅडम, हे लोक झीरोला जीरो म्हणतात. हा 'झ' असेल. झायफॉइड."

'झेड' काढलं. तिथेही नाही. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी आशेने केळकर मॅडमकडे पाहिलं. त्या डोळे मिटून पुटपुटत होत्या, "झायफॉइड... झायफॉइड..." आणि मग त्यांनी स्वतःच्याच छातीच्या हाडाखाली बोट लावलं आणि जवळजवळ किंचाळल्या, "एक्स! अगं, एक्स आय! झिफॉइड म्हणतो आम्ही! छातीच्या हाडाचं खालचं टोक!"

रोहिणीने पानं उलटली. शब्द होता. त्याचा उच्चारही 'झाय' असाच दिलेला होता. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण त्याच वेळी मला एक गोष्ट लख्ख कळली. कान माझा होता, पण शब्द माझ्याकडे नव्हता. दहा शब्द रोज या वेगाने 'एक्स'पर्यंत पोहोचायला मला आणखी दोन वर्षं लागली असती. तो क्लास मला हवाच होता.

सातवा ब्लँक सोपा निघाला. मोघे सर म्हणाले, "पाठवा आता."

मी म्हणाले, "एक मिनिट. शेवटचा आकडा पुन्हा ऐकते."

तिथे ब्लँक नव्हता. एका औषधाचा डोस होता आणि रोहिणीने पन्नास लिहिला होता. टेलिफोन ऑपरेटरला फिफ्टी आणि फिफ्टीन या जोडीची फार भीती असते. आम्ही नेहमी उलट विचारायचो, "वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?" इथे उलट विचारायची सोय नव्हती. मी चार वेळा ऐकलं. शब्दाच्या शेवटी कागद सरकल्याचा आवाज होता आणि 'न' होता की नव्हता, ते त्याखाली झाकलं गेलं होतं.

"पंधरा असेल किंवा पन्नास," मी म्हणाले. "मला सांगता येत नाही."

"केळकर मॅडम, कुठला बरोबर?" मोघे सरांनी विचारलं.

"दोन्ही देतात. पेशंटवर अवलंबून आहे."

"मग पन्नासच ठेवा. सात ब्लँक भरल्यावर आता नवीन ब्लँक काढायचा? गिऱ्हाइकाला काय वाटेल?"

मी हेडफोन काढला. नोकरीला लागून मला साडेतीन महिने झाले होते आणि मोघे सरांशी मी एवढं बोलले नव्हते. "सर, ऑर्डरचा आकडा चुकला तर माल परत येतो. इथे माणसाच्या पोटात औषध जाणार आहे. रेघ मारा आणि खाली लिहा, की ऐकू आलं नाही, कृपया सांगा."

त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मग केळकर मॅडम म्हणाल्या, "सही माझी आहे. मी या आकड्यावर करणार नाही." रोहिणीने पन्नास खोडला आणि रेघ मारली. तीन वाजून बावीस मिनिटांनी फाइल गेली.

त्या दिवशी बसमध्ये मी डिक्शनरी उघडलीच नाही. घरी जाऊन प्रकाशना सगळं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मी उभी राहून सांगत होते. ते म्हणाले, "मग फीचं बोललीस का?" मला ते सुचलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी मोघे सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ओहायोहून डॉक्टरांची ईमेल आली होती. एकच ओळ आधी, 'फिफ्टीन.' मग खाली लिहिलं होतं, की विचारल्याबद्दल आभार, आधीच्या दोन कंपन्यांनी कधीच विचारलं नव्हतं, आणि यापुढे माझ्या सगळ्या फाइल्स तुमच्याकडे येतील.

मी ती दोनदा वाचली. पंधरा. आणि आम्ही पन्नास पाठवणार होतो. मी न विचारता खुर्चीत बसले.

"उत्तम," मोघे सर म्हणाले. "तुमचं कौतुक आहे."

"सर, मला वरच्या क्लासला बसायचं आहे. आज शेवटची तारीख आहे."

"जरूर बसा. फी भरा आणि बसा."

"फी नाहीये."

"फी माफ होत नाही, बाई. मालकांचा नियम आहे."

"माफ करू नका. मी क्लासही करते आणि रोज दोन तास बारा नंबरच्या फाइल्सही ऐकते. त्याचे ओळींप्रमाणे पैसे होतील ते मला देऊ नका, फीमध्ये वळते करा."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं. "आणि सहा महिन्यांत त्यांच्या फाइल्स रोहिणीलाच कळायला लागल्या तर?"

"तर तुमचं गिऱ्हाईक टिकलेलं असेल."

"तुम्ही वकिलीचा कोर्स का नाही केलात?"

"त्याची फी विचारली नव्हती."

मोघे सर हसत नसत. त्या दिवशीही हसले नाहीत. फक्त म्हणाले, "अर्ज लिहून आणा. मालकांशी मी बोलतो." मी म्हणाले, "ठरलं ते तुमच्याकडूनही लिहून हवं." तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि मग बेल वाजवून टायपिस्टला बोलावलं. दुपारी चार वाजता माझं नाव बॅचच्या यादीत चढलं, शेवटचं.

सोमवारी क्लासमध्ये माझ्या शेजारी बसलेली मुलगी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होती. व्याकरणात मी दोनदा नापास झाले. रोहिणीने डबा खाताना मला काळ शिकवले आणि मी तिला बंगाली, तमिळ, पंजाबी माणसं इंग्रजी कशी बोलतात ते करून दाखवलं. फी पाचव्या महिन्यातच फिटली. सहाव्या महिन्यात परीक्षा पास झाले आणि त्याच हॉलमध्ये ट्रान्स्क्रिप्शनिस्टच्या खुर्चीत बसले, यावेळी माझ्या नावाने. पुढे क्यूए झाले. धंद्याने नंतर बरीच वळणं घेतली, कित्येक कंपन्या बंद पडल्या, आता पहिलं टायपिंग मशीनच करतं. मशीन कधीच ब्लँक सोडत नाही. न कळलेलं ते आत्मविश्वासाने लिहितं. त्यामुळे माझ्यासारख्यांचं तपासायचं काम शिल्लक राहिलं.

आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी एकच सांगते. पुढच्या नोकरीसाठी काय शिकायचं त्याची यादी सगळे करतात. आधीच्या नोकरीत काय शिकलो, त्याचीही करा आणि साहेबाला दाखवा. मी साडेतीन महिने त्या ऑफिसात बसून होते आणि मला काय ऐकू येतं, ते कोणालाही सांगितलं नव्हतं. कारण काय, तर कोणी विचारलं नव्हतं.