पुठ्ठा नसलेलं पुस्तक

विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाच्या दिवसांत मी प्रबंध लिहीत होतो. हवं होतं ते पुस्तक सेलूच्या एका रद्दीवाल्याकडे मिळालं, पण त्यावर लेखक नाही, साल नाही. पुठ्ठा वेगळा विकायचा म्हणून तो आधी कव्हरच फाडायचा. पहिलं पानही त्यासोबत जायचं. मी चिडलोच.

"लिवलं कुणी ते मला न्हाई ठावं, भाऊ," मांडीवर पानं सारखी करत तो म्हणाला. "पर घर याद हाय. जिंतूरच्या एक बाई. देताना लय येळ छातीशी धरून उभ्या व्हत्या."

तळटिपेत लेखकाची जागा कोरीच राहिली.

आता माझा प्रबंधही कपाटात पिवळा पडलाय. कधीतरी रद्दीत जाईल. त्या दिवशी दारात तोच माणूस यावा, असं फार वाटतं.