लख्ख घासलेले चषक

नागोमामा मलकपेठेतल्या एका जुन्या क्लबात चांदी घासायचे. आईचे हे थोरले भाऊ. विसाव्या वर्षी नांदेडकडून हैदराबादला आले आणि शर्यतींत, पोलोत साहेबलोकांनी जिंकलेले एकतीस चषक त्यांच्या ताब्यात आले. पस्तीस वर्षं ते त्याच खोलीत राबले.

इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण चषकाच्या काठाखाली ठोकलेल्या बारीक खुणा येत होत्या. चालता सिंह म्हणजे खरी चांदी. जहाजाचा नांगर एका गावचा, बिबट्याचं तोंड दुसऱ्या गावचं. शेजारचं अक्षर म्हणजे साल. नुसता मुलामा असेल तर कडेला लाल तांबं डोकावतं, हे त्यांनी मी शाळेत असतानाच मला दाखवलं होतं.

दर शुक्रवारी खडूची पूड आणि ओला फडका. खुणांच्या खाचांत काळं दिसलं की क्लबचे सेक्रेटरी ओरडायचे, म्हणून तिथे दात घासायचा ब्रश.

त्र्याण्णव साली नव्या कमिटीला त्या खोलीत बार हवा झाला, मोठा टीव्ही लावून. ठरलं असं की मुंबईहून पारखी येईल. जुन्या वस्तू म्हणून चषकांना मोल निघालं तर खोली तशीच राहील. नाही निघालं तर सगळे चारकमानच्या सराफाकडे, वितळवायला.

"मोल हायेच," मामा सखूमामीला म्हणाले. "बघूनच गार हुईल माणूस."

त्या आठवड्यात त्यांनी चषक तीनदा घासले. पोलोचा एक चेपलेला, काळा पडलेला चषक कित्येक वर्षं कपाटात मागे राहून गेला होता. लाजेने तो त्यांनी कपाटाआड सरकवला.

पारखी श्रीकांत बर्वे मराठी निघाले, याचाच मामांना केवढा आनंद. मी डबा घेऊन गेले तेव्हा बर्वे भिंग डोळ्याला लावून सातवा चषक फिरवत होते.

"यावरची खूण कुठे आहे?"

मामांनी न बघता बोट ठेवलं. "ह्ये बघा, सिंह."

बोट उचललं. खाली गुळगुळीत चांदी होती. रोज पाहणाऱ्याला झीज दिसत नाही.

"इतकं कोणी घासलं हे?"

"म्याच, साहेब." मामा ताठ उभे राहिले. "पस्तीस साल. एक शुक्रवार चुकला न्हाई."

बर्व्यांनी भिंग खाली ठेवलं. "मामा, थोडी थोडी चांदी तुमच्या फडक्यावर गेली. सिंह गेला, अक्षर गेलं, जिंकणाऱ्याचं नावही अर्धं पुसलंय. हे कुठलं, कधीचं, कशावरून सांगू?"

"म्हणजे वजनाचाच भाव?" शेजारी उभ्या सेक्रेटरींनी विचारलं.

"वजनाचाच, बाकीचेही असेच घासलेले दिसतायत. आणखी काही आहे?"

मामांनी तो काळा चषक काढून दिला. भिंगाखाली खुणा एकेक उभ्या होत्या. "याला हात लावू नका," बर्वे म्हणाले. "हा एकटा चांगला विकला जाईल."

"नशीब, नागोराव," सेक्रेटरी हसले, "इथवर तुमचा ब्रश पोचला नाही!"

मामा हसले नाहीत. त्यांनी बर्व्यांना विचारलं, "मंग म्या काय कराया पायजे हुतं?"

"मऊ फडक्याने धूळ. बाकी काही नाही."

एका चषकासाठी खोली राहणार नव्हती. सोमवारी सराफाचा माणूस गोणपाटाची पोती घेऊन आला, तेव्हा मामा खाली बसून एकेक चषक वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"चचा, गलानेकू लेजारंय," तो हैदराबादी हिंदीत म्हणाला. "दुल्हन सरीका कायकू लपेटरे?"

"धक्का लगा तो पिचकतें."

"पिचकने दो ना!"

मामांनी पुढचा कागद घेतला.