मोहोरावरची पंगत

आक्का मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली बसली की तिच्या अंगावर माश्या चालत आणि ती हात हलवत नसे. मानेवर गांधीलमाशी आली तरी बोलणं चालूच. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. आक्का माझी थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि झाशीला माहेरी आली ती कायमची. आमची गल्ली मोहोराला बौर म्हणते. आक्का गल्लीलाही मोहोरच म्हणायला लावी.

दिवसभर झाडावर कोण कोण येतं, त्या सगळ्यांशी तिने नाती लावली होती. दव वाळलं की मधमाश्या, त्या माहेरवाशिणी. दुपारी साध्या माश्या आणि पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या; ते व्याही. "न बोलावता येतात, पण त्यांच्यावाचून लग्न लागत नाही." ऊन कललं की गांधीलमाश्या; ते जावई. "त्यांना नुसतं बघायचं, छेडायचं नाही." दिवेलागणीचे पतंग म्हणजे उशिरा आलेले भटजी. मी शाळा चौथीत सोडली, आक्काने तर पाहिलीच नाही. पण जेवत्या माणसाला पानावरून उठवू नये, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. मोहोर उमलला की ती झाडाला हात लावू देत नसे. धुण्याची दोरीसुद्धा सोडायला लावी.

चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला इथल्या सगळ्या मराठी घरांत डाळीत घालायला कैरी जायची ती आमच्याच झाडाची. "गौर माहेरी येते. तिला काय बाजारातलं वाढायचं?" मग दोन वर्षं झाड धरलंच नाही. माझ्या मुलाला, मन्नूला, तिथे गाडीसाठी शेड घालायची होती. मी सांगून टाकलं, यंदा कैरी लागली नाही तर झाड जाईल. माझा शब्द म्हणजे शब्द, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

आक्का एवढंच म्हणाली, "बाळू, असलं झाडाच्या देखत बोलू नये."

त्या फाल्गुनात मोहोर असा आला की पानं दिसेनात. पण तुडतुडे लागले, चिकटा सुटला. आत्याचं झाड वाचावं म्हणून मन्नू सदर बाजारातून औषध घेऊन आला. दुकानदार म्हणाला होता, शाम को मारना. पण संध्याकाळी आक्का घरी असणार आणि अडवणार. म्हणून ती इलाइट चौराह्याकडे बारशाला गेल्यावर त्याने भर दुपारी पंप मारला.

आक्का परतली तेव्हा फरशीवर माश्या उताण्या पडून गरगर फिरत होत्या. तिने चपला काढून हातात घेतल्या आणि जागा बघत बघत झाडापर्यंत गेली.

"बुआ, आपके पेड़ के लिए ही तो किया," मन्नू म्हणाला.

"कळलं रे बाबा. पंगतीत विष वाढलंस. कोण जेवतंय ते बघितलं नाहीस."

दुसऱ्या दिवसापासून झाड डवरलेलं आणि आवाज नाही. ती गुणगुण गेल्यावर घर कुणाचं तरी प्रेत ठेवल्यासारखं वाटे. आक्काने देवाच्या फुलवाती घेतल्या, स्टुलावर चढली आणि या तुऱ्यातले पराग त्या तुऱ्याला लावू लागली.

शेजारणीने विचारलं, "जिज्जी, पेड़ की पूजा कर रहीं?"

"नाही गं. मेहमान मर गए, उनका काम निपटा रही हूँ."

हात पोचला तिथवर केलं. मोहोर काळा पडून गळून गेला. चैत्रात डाळ झाली ती बाजारच्या कैरीची. आक्काने सगळ्यांना वाढली, स्वतः बोटाने चाखलीसुद्धा नाही. वैशाखात तापाचं निमित्त झालं. शेवटच्या दिवसांत झाडाबद्दल एकदाच बोलली. "मोहोर बिचारा पुढच्या वर्षीही येणारच. त्याच्याकडे कोणी येतं का ते बघ."

यंदा मोहोर आला. मी खुर्ची टाकून सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसतो. शेजाऱ्यांच्या लिंबोणीखाली जाऊन कान दिला, शेवग्याखाली उभा राहिलो. फुलं भरपूर, पण तिथेही चिडीचूप. आम्ही तर आमच्या एकाच झाडाला औषध मारलं होतं.

परवा मन्नूने विचारलं, "बाबा, पेड़ काटने वाले को कब बुलाएँ? आपने ही तो कहा था."

"बघू," मी म्हणालो.

 माझ्या तोंडून हा शब्द आमच्या घरात कोणी कधी ऐकला नव्हता.