खंडेनवमीला मॅडम कम्प्युटर झाल्या

लॅपटॉपवर खंडेनवमीचा झेंडू वाहिला आणि त्या वासासरशी अंबडचा कम्प्युटर क्लास आठवला. तिथंही मशिनला हळदकुंकू लावलेलं. दसऱ्याची सुट्टी संपताच परीक्षा होती आणि एक ते दहा आकडे छापायचा माझा प्रोग्राम अडकत होता.

"आज मशिनला हात लावायचा न्हाई," मॅडम म्हणाल्या. "मंग काय, मीच कम्प्युटर. तू वाच, तू सांगशील तसं मी करते."

मी वहीतल्या प्रोग्रामच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत गेले. त्या म्हणाल्या, "एक." परत, "एक." पुन्हा, "एक." त्यांचा घसा कोरडा पडला, पण दोन काही येईना. आकडा वाढवायची ओळच मी लिहिली नव्हती!

आता चुका शोधून देणारी ढीगभर साधनं आहेत. तरी प्रोग्राम अडकला की मी आधी मोठ्यानं वाचते, मॅडमच्या आवाजात "दोन" ऐकू येईपर्यंत.