पाच सालानंतर भिंत कोन बांधीन?

सव्वा महिना होत आला. मी बाजारहत्नूरला माझ्या घरापुढे उभा होतो, तर गिरजाबाई भैंशाहून दोन बस बदलून आली. अंगणातच थांबली आणि म्हणाली, "मिस्त्री गेले. काल दुपारी जाळलं." मी बसा म्हटलं, ती बसली नाही. "तुमाले सांगा, असं त्यायनं काई म्हटलं नव्हतं. माहंच मन नाई मानलं म्हणून आली." तांब्याभर पाणी प्यायली आणि आल्या पावली परत गेली. मला रडू आलं नाही. ज्ञानोबा मिस्त्रींवर मी काही लिहायचं तर पहिल्यांदा हे लिहिलं पाहिजे, की भर दुपारी त्यांचा उजवा हात ठेचला गेला तेव्हा त्यांना मागून आवळून धरणारा मी होतो.

ऐंशीनंतरची ती वर्षं. भैंशात कापसाची गोदामं एकामागून एक उभी राहत होती आणि गावात भिंत म्हटलं की ज्ञानोबा मिस्त्री. मी सातवी सोडून त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा ते चाळिशीला आले होते. काळे, आडव्या हाडाचे, बोलण्याआधी हात उचलणारे. शिकवायचे म्हणजे मारायचे. ओळंबा लावून बघायचे, भिंत सुतात नसली तर एक शब्द न बोलता लाथ घालायचे... ओला थर चिखलासारखा पायाशी यायचा. एकदा मी वरच्या विटांचा सांधा चुकून खालच्या सांध्यावरच आणला, तर त्यांनी हातातली थापी फेकून मारली. डावी भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं तरी ते म्हणाले, "एका डोयानं दिसते ना? मंग बांध." मी बांधली. ती भिंत अजून उभी आहे आणि भुवईवरचा व्रणही आहे. त्यांचा मला धाक होता तितकाच अभिमानही होता. हे दोन्ही एकत्र कसं राहतं, ते त्यांच्याकडे काम केलेल्यांनाच कळेल.

मग दुबईचं वारं सुटलं. जवळच्या निर्मल शहरात एजंट येऊन बसू लागले, कामावर विटांपेक्षा पासपोर्टच्या गोष्टी जास्त होऊ लागल्या. एका रविवारी मिस्त्रींनी आम्हा सगळ्या गवंड्यांना चहाच्या टपरीवर बोलावलं. एकेकाचं नाव घेऊन विचारलं, "तू जातं?" जवळजवळ सगळ्यांनी होकारार्थी माना डोलावल्या. मिस्त्रींनी विचारलं, "मंग पाच सालानंतर भिंत कोन बांधीन?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "गवंडी काई गवतासारखा उगवत नाई. एक तयार कराले चार साल लागते. आजच लावा लागते. जाच्या आधी दरेकानं दोन जन शिकवा... अन् जे इथंच राहनार हाय, त्यायले शिकवा." इथं कोण राहणार? तुळशीराम, आमच्यातला सगळ्यात दांडगा, त्यानं विचारलं. मिस्त्रींनी समोरच्या कामावर घमेली घेऊन जाणाऱ्या बायांकडे बोट केलं. टपरीवरचा हशा तिथेच संपला.

आज आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा आम्हाला खरोखर कोणी तोंडावर थुंकल्यासारखं वाटलं होतं. बाईनं थापी धरली तर आम्ही कोण? मिस्त्रींनी कोणाचं ऐकलं नाही. गिरजाबाई तेव्हा तिशीची असेल. नवऱ्यानं टाकलेली, दहा वर्षं डोक्यावर घमेलं वाहिलेली. तिला आणि आणखी दोघींना त्यांनी गोदामाच्या मागच्या भिंतीवर लावलं. आम्हाला शिकवलं तसंच शिकवलं, म्हणजे शिव्या, लाथा, पाडलेले थर. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी तिच्याही अंगावर थापी फेकली. ती दंडाला लागली. गिरजाबाईनं खाली वाकून थापी उचलली आणि होती तेवढ्या ताकदीनं परत फेकली. मिस्त्रींची नडगी सोलून निघाली, धोतर लाल झालं. सगळं काम थांबलं. मिस्त्री पायाकडे बघत राहिले आणि मग असे हसले, की मी त्यांना तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. "आता झाली मिस्त्रीन!"

त्यानंतर आठवड्याच्या आतच ते घडलं. जेवायच्या सुट्टीत आम्ही पाच जण मागच्या बाजूला गेलो. तुळशीराम म्हणाला, "मिस्त्री, उद्यापासून या बाया घमेलंच उचलतीन. हो म्हना." मिस्त्री भाकरी खात होते. मान वर न करता म्हणाले, "तू दुबईले जातं तं जा ना बावा. जाता जाता भिंत काऊन संगं नेतं?" तुळशीरामनं परांचीची लाकडी बल्ली उचलून त्यांच्या पाठीत घातली. भाकरी मातीत पडली. ते उठले आणि एकाच ठोशात एकाचा जबडा फोडला. तेव्हा कोणीतरी ओरडलं, "किसन, धर!" आणि मी धरलं. मागून, दोन्ही काखांतून. त्यांच्या पाठीचा घाम माझ्या छातीला लागत होता. दोघांनी उजवा हात ओढून जोत्याच्या दगडावर दाबला. तुळशीरामनं हातोडा तीनदा मारला. पहिल्या घावाला ते ओरडले, दुसऱ्याला त्यांच्या सगळ्या अंगातून काहीतरी सळसळत माझ्या हातांत आलं, तिसऱ्याला ते लुळे पडले... गिरजाबाई फावडं घेऊन धावत आली. तिनं तुळशीरामच्या गुडघ्यावर असा वार केला, की तो जन्मभर लंगडला. दुसरा वार माझ्या खांद्यात बसला. मी मिस्त्रींना सोडलं, ते तोंडावर पडले. जाता जाता बाकीच्यांनी बल्ल्या लावून त्या बायांची भिंत पाडली.

फौजदारापुढे मिस्त्रींनी बयान दिलं, की परांचीवरून पडलो, हातावर दगड आला. कोणाचंही नाव घेतलं नाही. गिरजाबाईलाही घेऊ दिलं नाही. दवाखान्यातून परत आले तेव्हा त्या हाताचा नुसता गोळा झाला होता. थापी कायमची सुटली. आणि आम्हाला वाटलं होतं, की आता हा विषय मिटला. पण ते दगडावर बसून तोंडानं शिकवू लागले. तिघींच्या सहा झाल्या, सहांच्या बारा. आम्ही एकेक करून निघून गेलो. तुळशीराम लंगडत गेला, मीही गेलो. तिकडे सहा वर्षं सेंट्रिंगवर काढली, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावायचे. फोरमन बुटानं ढुंगणावर मारायचा, आमच्याच खोलीतला एक जण सातव्या मजल्यावरून खाली आला आणि त्याच्या रक्तावर वाळू टाकून आम्हाला संध्याकाळपर्यंत काम करायला लावलं. तेव्हा मला मिस्त्रींच्या लाथा आठवायच्या नाहीत. दगडावर दाबलेला हात आठवायचा.

नव्वदनंतर परत आलो, बाजारहत्नूरला घर बांधायला काढलं, तर पूर्ण भागात गवंडी मिळेना. निर्मलला फिरलो, म्हातारे आणि आजारी तेवढे उरले होते. जो तो एकच सांगे, भैंशाच्या गिरजाबाईच्या बाया असतील तर बघा. मी गेलो. एका शाळेच्या खोल्यांचं काम चाललं होतं. परांचीवर सगळ्या बाया, खाली दगडावर मिस्त्री. मला ओळखलं. म्हणाले, "नंबर लाव. आधी इस्कूल, मंग तुहं घर." मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी तुमाले मागून म्या धरलं होतं." ते म्हणाले, "मालूम हाय. मागून धरलं तरी हात वळखू येते. म्याच शिकवले ते." आणि डाव्या हातानं अशी कानाखाली वाजवली, की मी विटांच्या ढिगावर कोसळलो. ओठ फुटला. त्यांनी तोच हात पुढे करून मला उठवलं. "जा, चहा पी." पावसाळ्याआधी माझं घर उभं राहिलं.

तेराव्याला मी भैंशाला गेलो. त्यांच्या खोलीच्या भिंतींना आतून गिलावा नाही, हे तेव्हाच पाहिलं. शिकणाऱ्या बायांना सांधे उघडे दिसावेत म्हणून. एका कोपऱ्यात दीड विटेची भिंत, दुसऱ्यात कमान. कुठला थर कोणी लावला, ते गिरजाबाईनं बोट ठेवून सांगितलं. मग म्हणाली, "आमच्या पोरीयले विटा नाई पायजे, किसनभाऊ. त्या इस्कुलात शिकून राह्यल्या, नोकरीवर जातीन. आता नव्या बाया पाहा लागतीन. अन् दहा सालानंतर विटा कमी, स्लॅबच जास्त, असं मिस्त्री म्हनत होते. सेंट्रिंग तुमाले येते..."

मी तिथंच राहिलो. सेंट्रिंग शिकायला आठ बाया आहेत. परवा एकीनं टेकू तिरपा लावला. वर स्लॅब भरला असता तर दोन जीव गेले असते. माझं डोकं फिरलं आणि हात उठला. गिरजाबाईनं मनगट पकडलं. "इथं कोनी मारत नाई."

"मिस्त्री तर..." मी म्हणालो.

"तुमाले कानाखाली वाजवली ना, त्याच दिवशी म्या त्यायले सांगतलं, हे शेवटचं. याच्यापुढं हात उचलला तं आमी सगळ्या घमेल्यावर जाऊ." तिनं माझं मनगट सोडलं. "त्याच्यानंतर नाई उचलला त्यायनं."

मी हात खाली घेतला. टेकू काढला आणि त्या बाईला तो सरळ कसा लावायचा, ते पुन्हा पहिल्यापासून दाखवलं.