गाडीच्या कंप्युटरचा कान

जुनी गाडी घेतल्यावर पहिले काही महिने मी रेडिओचा आवाज समजून तिचं इंजिन कमीजास्त करत होतो.

त्यात माझी फार चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. डॅशबोर्डच्या खाली, डावीकडे बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं एक काळं गोल बटण होतं. गाडीचा स्पीकर सैल वायरीवर चालायचा, त्यामुळे आवाज आपल्या मनाने चढायचा-उतरायचा. मी बटण उजवीकडे पिळलं, तेवढ्यात खड्डा आला, आवाज वाढला. माझी खात्री पटायला एवढं पुरलं, आणि पेणच्या रस्त्यांवर अशी खात्री रोज नव्याने पटत राहते.

तोटा झाला तो बायकोचा. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून, परीक्षा देऊन, रीतसर लायसन घेऊन आली होती. स्कूलची गाडी ती छान चालवायची. आमच्या गाडीत बसली की मी शेजारी. तिने पहिला गिअर टाकला की मला शिकवायची सुरसुरी यायची. बोलणं नीट ऐकू जावं म्हणून मी आधी बटण डावीकडे फिरवून ‘रेडिओ’ बारीक करायचो आणि मग म्हणायचो, “क्लच हळू सोड.” गाडी दोन उचक्या द्यायची आणि बंद.

“हळू म्हटलं ना?”

“हळूच सोडला हो!”

“मग बंद कशी पडली?”

याचं उत्तर तिच्याकडे नसायचं. माझ्याकडे होतं, पण ते माझ्या बोटांत होतं. मी चालवायला बसलो की गाडी कधी ढेकर द्यायची, कधी काळा धूर सोडायची. तेव्हा मात्र दोष पेट्रोलपंपाचा असायचा.

बायकोला गाडी यायलाच हवी होती, कारण प्रश्न तिच्या आईचा होता. सासूबाई रोह्याजवळ, अष्टमीला राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना एसटीची पायरी चढवत नाही, आगगाडीची तर नाहीच. पेणला आम्ही नवं घर बांधलं, त्याची वास्तुशांत झाली, पण त्यांनी ते पाहिलं नव्हतं. माझ्या गाडीत त्या बसत नाहीत. एकदा रिव्हर्स घेताना मी त्यांच्या अंगणातला पाण्याचा हंडा चेपला होता. तेव्हापासून त्यांचं मत ठरलं: “जावय माणूस चांगला हाय. पण त्याच्या गाडीत मी बसायची नाय.” आणि लेकीला म्हणाल्या, “तू चालवशील तवा येईन. आधी माझ्या दारात आणून दाखव गो.”

भाऊबीजेचा दिवस ठरला. मेहुण्याने ही बातमी आळीभर केली होती आणि फोनवर रोज विचारायचा, “ताई, ढकलायला किती माणसं ठेवू?” फोनवर ती हसायची. पण एकदा फोन ठेवून मला म्हणाली, “माझ्या पायालाच जमत नाय वाटतं.” मी तिला धीर दिला आणि पुन्हा एकदा क्लच समजावून सांगितला.

दिवाळीच्या तोंडावर गाडी गणपतीच्या कारखान्यांच्या रांगेत अशी बंद पडली की हटेना. ढकलत गॅरेजला नेली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, बंद केलं, मग आत वाकून ते काळं बटण जरासं फिरवलं. इंजिन एकदम शहाण्यासारखं चालू लागलं.

“हे कोणी फिरवलं?”

“रेडिओचं ना ते?” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहिलं. “वहिनी, आताच्या गाड्यांत सायलेन्सरला सेन्सर असतो. तो धूर हुंगतो नि कंप्युटरला सांगतो, पेट्रोल वाढव, कमी कर. तुमच्या गाडीच्या कंप्युटरला नाकच नाय. मग आपण कान पिळून सांगायचं. हा तो कान. कंपनी आत लपवून ठेवते. आधीच्या मालकानं हौसेनं बाहेर काढून बटण बसवलंय. डावीकडं पिळलं की उपास, उजवीकडं पिळलं की अजीर्ण.”

बायको त्याचं ऐकत होती आणि बघत माझ्याकडे होती.

“म्हणजे मी क्लच बरोबर सोडत होते?”

“क्लच कसा पण सोडा वहिनी, ही बंदच पडणार होती.”

घरी गाडी तिनेच आणली. दारात गाडी थांबवली, कपाळावरची टिकली काढली आणि बटणावरच्या रेघेसमोर डॅशबोर्डवर चिकटवली. “रेघ इथंच राहायला हवी,” म्हणाली. मग खो-खो हसायला लागली. इतकी हसली की शेजारीण बाहेर आली आणि कशाबद्दल ते तिलाही सांगण्यात आलं. त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी मला रेडिओ कसा आहे विचारलं.

भाऊबीजेला सकाळी निघालो. मला डावी सीट, मांडीवर फराळाचा डबा, दोन्ही हात डब्यावर, अशी आज्ञा होती. वडखळची गर्दी तिने पार केली. नागोठण्याला वळली. भिसे खिंडीच्या चढावर पुढचा ट्रक थांबला, आपण थांबलो, परत निघालो. उचकी नाही की काही नाही. ती गुणगुणायला लागली. मी तोंड उघडलं, तिने फक्त एकदा पाहिलं, मी मिटलं.

पेढे रोह्याच्या बाजारातूनच न्यायचे, असा तिच्या माहेरचा नेम. मी उतरून पेढे घेतले आणि दोन डबे सांभाळत पुन्हा आत शिरलो. तिथून अष्टमीचा पूल कितीसा लांब? पण पुलावर सणाची गर्दी, गाड्या मुंगीच्या चालीने. मध्यावर आलो आणि इंजिन थरथरलं. मग उचकी. मग दुसरी.

“बटणाला हात लावलात?”

“हात नाय.” मी खाली पाहिलं. “गुडघा लागला वाटतं.”

“टिकली कुठंय?”

टिकली माझ्या पँटवर होती.

पलीकडच्या काठावर हात उंचावून उभा असलेला मेहुणा दिसत होता. आळीतली चार माणसंही होती, ढकलायला आली असावीत. तिचा चेहरा असा झाला की मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. इथे गाडी बंद पडली असती, तर सासूबाईंनी पेणला यायचा विषय पुन्हा काढला नसता.

“बंद पडू द्यायची नाय,” ती म्हणाली. “मी ऐकते. तुम्ही फिरवा. उजवीकडं. हळू.”

मी आयुष्यात एवढ्या हळू काही केलेलं नाही.

“अजून. अजून जरा... वास येतोय, जास्त झालं. मागं या. केसभर.”

आमटीत मीठ घालताना ती डोळे बारीक करते, तसे केले होते. मागून रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून ओरडला, “ओ काका, चालवा की!”

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काका नाय चालवत, काकू चालवते! थांब जरा!” आणि डोकं आत घेत मला, “बास. सोडा हात.”

इंजिन एका लयीत आलं. तिने क्लच सोडला. गाडी अशी अलगद निघाली की मांडीवरचे पेढेसुद्धा हलले नाहीत.

मेहुणा पुलापासून दारापर्यंत गाडीपुढे धावत “डावीकडं, डावीकडं” करत होता. तिने उजवीकडून घेतली आणि ओट्याला लागून उभी केली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या.

“मधी बंद पडली का गो?”

“नाय पडली.”

“खोकल्यासारखी वाटली मला.”

“खोकली. ह्यांनी औषध दिलं.”

ओवाळणं झालं, जेवणं झाली, आणि हात धुऊन सासूबाई म्हणाल्या, “माझी पिशवी आणा रे.” पिशवी दारामागेच होती, भरून ठेवलेली. कधीपासून, कोण जाणे. मेहुण्याने त्यांना धरून पुढच्या सीटवर बसवलं. त्यांना पेणला उतरवून घ्यायला कोणीतरी हवं म्हणून तो मागे बसला. तो एकटा कसा जाईल म्हणून त्याची बायको बसली. उरलेल्या जागेत वालाचं गाठोडं आणि चार नारळ बसले. बायकोने आईला बटण दाखवलं, त्याला गुडघा लावायचा नाही म्हणून बजावलं आणि आरशात बघून केस नीट केले. मी एकेक दार उघडून बघत गाडीभोवती फिरलो.

तिने काच खाली केली.

“तुम्ही एसटीनं या. आणि येताना दूध आणा, आईला माझ्या घरात पहिला चहा मी करून देणार हाय.”