अकोल्याची पंगत आणि माझी टीम

तिवशाच्या एका हायस्कुलात मी ड्रिल मास्तर होतो, आणि माझी कारकीर्द माझ्या सासूबाईंनी अकोल्याला एका दुपारी तूप वाढून संपवली.

ही गोष्ट साधारण छप्पन्न-सत्तावनची. आमच्या मैदानात काळ्या मातीच्या एवढ्या भेगा होत्या, की त्या चुकवता चुकवता पोरं हरणासारखी चपळ झाली. (हे माझ्या शिकवण्याचं यश, असं मी हेडमास्तरांना सांगत असे. त्यांनी भेगा पाहिलेल्या होत्या!) कबड्डीच्या स्पर्धेला अकोल्याला निघालो, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, जिंकून आले तं ठीक. नाई तं ड्रिलचा तास बंद. तुमाले भूगोल देऊन टाकतो."

भूगोल! मला तिवसा ते अमरावती हा रस्ता सोडला तर पृथ्वीची फारशी ओळख नव्हती.

पण पोरं जीव तोडून खेळली आणि चक्क अंतिम सामन्यात पोचली. त्या सामन्याच्या सकाळी आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेसमोर टांगा थांबला. आतून सासूबाई उतरल्या. त्यांचं घर अकोल्यातच, आणि बायकोही तेव्हा माहेरी आलेली होती.

"जावई गावात, अन् धर्मशाळेत? लोकं काय म्हनतीन?"

"दुपारी सामना आहे. सोबत पोरं आहेत."

"मंग त्याईले बी आना. उपाशी लेकरं खेळतीन कशे?"

"बरं, पण हलकं करा. वरण-भात, बस."

"हलकंच करतो!"

हलकं म्हणजे पुरणपोळ्या, भजी, कढी, वांग्याची भाजी, आणि प्रत्येक ताटावर तुपाची अखंड धार! मी हादरलो. म्हणालो, "अहो, यांना पळायचंय!"

"पुरन बोटाले बी लागत नाई, एवढं हलकं हाये! तुमी जावई, तुमी गप बसून जेवा."

मी पंगत थांबवायला उठलो. तेवढ्यात नामदेव, माझा सगळ्यात चपळ गडी, शेजारच्या पोराला हळूच म्हणाला, "आमच्या घरी तं लग्नात बी असं नाई राहत रे." त्याचं अंग हलकं आहे, ते माझ्या ड्रिलमुळे, असं मी तोवर समजत होतो. मी परत खाली बसलो. कोणी बघत नाही असं पाहून माझ्या ताटातल्या दोन पोळ्या त्याच्याकडे सरकवल्या.

सामना सुरू झाला. नामदेव चढाईला गेला. "कबड्डी-कबड्डी-कबड्डी..." आणि मध्यरेषेपलीकडे त्याला असा दणदणीत ढेकर आला, की दोन्ही पंच एकमेकांकडे बघू लागले. ढेकराला दम तुटणं म्हणायचं की नाही, यावर त्यांची बैठकच बसली! तोवर नामदेव तिथंच मांडी घालून बसला. दुसऱ्या गड्यानं समोरच्या चढाईवाल्याचा पाय वाकून धरला, पण वर उठायचं काही त्याच्यानं होईना. आमचा कॅप्टन तर डुलक्या घेत होता. उभ्याउभ्या!

सासूबाई बायकांच्या घोळक्यातून ओरडत होत्या, "अरे, पकडा ना त्याले! काहून सोडून रायले? आता तं जेवले ना पोटभर!"

आम्ही असे हरलो, की समोरच्या टीमनं जिंकल्यावर आरोळीसुद्धा ठोकली नाही. त्यांना वाटलं, आम्ही आजारी आहोत.

परतीच्या गाडीत बायको म्हणाली, "आईनं मायेनं वाढलं. तुमीच नाई म्हनाचं होतं."

"म्हनालो ना!"

"म्हंजे जोरानं!"

पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी शब्द पाळला. मी फळ्यावर नद्या काढू लागलो. पोरं म्हणत, "सर, तुमची गंगा चढावर चढून रायली!" संध्याकाळी मात्र मी मैदानात जाई. हजेरी नाही, बक्षीस नाही; जो येईल तो खेळे. चांगले गेले ते दिवस.

बऱ्याच वर्षांनी अमरावतीच्या स्टँडवर एका धिप्पाड माणसानं मला हाक मारली. नामदेव! सोबत बायको. त्यानं ती पंगत तिला पदार्थवार ऐकवली. कढीत मेथी होती, हेसुद्धा!

मी विचारलं, "अन् सामना आठवते का?"

"कोनता सामना, सर?"

मग तो बायकोला म्हणाला, "मी सांगतो ना नेहमी, अकोल्याची आजी? हे तिचे जावई."

बाईनं लगेच डोक्यावर पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला. मास्तर म्हणून सारा जन्म काढला, पण मला बघून कोणी एवढं वाकल्याचं आठवत नाही!